दुसऱ्या भागातल्या खलनायकाचा आवाज

पहिल्या भागात नायकाला शक्ती मिळते. दुसऱ्या भागात त्या शक्तीचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. उडून झालेलं असतं, ट्रक उचलून झालेला असतो, नायिकेलाही एकदा वाचवलेलं असतं. म्हणून दुसरा भाग खरं तर खलनायकाचा असतो. हे मत मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्याकडे तयार झालेल्या अहिराणी सुपरहिरोच्या सिनेमाचे संवाद लिहिताना ते माझं झालं. त्या दुसऱ्या भागातला खलनायक लोक अजून विसरलेले नाहीत. शहाद्याच्या बसस्टँडवर पोरं एकमेकांच्या तोंडासमोर हात धरून त्याचं वाक्य ऐकवतात. वाक्य माझं आहे आणि आवाजही माझाच आहे. लिहायचं आहे ते याबद्दल, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

मी मराठीचा शिक्षक होतो. निवृत्त झालो तेव्हा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी शुद्धलेखन विचारायला येईनासं झालं. अशा वेळी एक जुना विद्यार्थी घरी आला. तो लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्याच्याकडे दोन कॅमेरे होते, एक ड्रोन होता आणि लग्नसराई संपल्यावर रिकामा वेळ होता. त्यानं सुपरहिरोचा सिनेमा काढायचं ठरवलं होतं, दिग्दर्शक तोच होता, आणि त्याला संवाद हवे होते. अहिराणीत, पण ‘वजनदार’ हवेत, असं तो म्हणाला. माझ्या आईची बोली अहिराणी. आयुष्यभर मी वर्गात ती पोरांच्या तोंडून काढून टाकत आलो होतो, आणि आता ती वजनदार करून द्यायची होती. मी हो म्हटलं.

पहिल्या भागाची गोष्ट अशी : एका वायरमनला डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, शॉक लागतो, आणि तो मरण्याऐवजी उडायला लागतो. आमच्याकडे डीपीवर शॉक लागलेल्या माणसाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे चमत्कार पटवून द्यायची गरज पडली नाही. वायरमनचं काम दिग्दर्शकाच्या बहिणीच्या नवऱ्यानं केलं. त्याला सगळे जिभाऊ म्हणायचे. त्याचा जेसीबी होता, आणि नायक उडताना दिसायचा तो जेसीबीच्या बकेटला बांधलेल्या पट्ट्यामुळे. ज्याचा जेसीबी तो नायक, हे ठरवायला बैठक घ्यावी लागली नाही. अंगात लाल रेनकोट आणि पाठीवर बायकोची लाल साडी. खलनायक म्हणून गावातल्या सलूनवाल्याला घेतलं होतं. तो तीनदा मोठ्यानं हसला. हसून झाल्यावर त्याला सिनेमात काही काम नव्हतं.

तरी तो भाग मोबाइलवर खूप चालला. उसाच्या तोडीवर गेलेल्या लोकांनी पाहिला, सुरतेत राहणाऱ्यांनी पाहिला. जिभाऊंचं फ्लेक्स चौकात लागलं. त्यावर जिभाऊ एका बाजूला उडत होते आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून उभे होते. साहजिकच दुसरा भाग काढायचं ठरलं.

दुसऱ्या भागाचा खलनायक मीच रचला, आणि मला तो अजूनही चांगला वाटतो. तो मिरचीचा धूर करतो. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घालतात तेव्हा एकरच्या एकर जमीन लाल होते. वारा फिरला की रस्त्यावरचे मोटारसायकलवाले नाकाला रुमाल लावून जातात. मला तिथेच सुचलं. धूर सुटला की लोक खोकतात, आणि खोकणाऱ्या माणसाला बोलता येत नाही. साऱ्या गावाचा आवाज बंद झाला की खलनायक विचारतो, “बोला आते. कोना आवाज बाकी शे?” आता बोला, कुणाचा आवाज उरलाय, हे ते बसस्टँडवरचं वाक्य. लोकांचा आवाज काढून घेणारा माणूस ही कल्पना माझी होती, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवावं.

आता प्रश्न नटाचा होता. धुरात उभं राहून जो खोकणार नाही असा नट पाहिजे होता. दिग्दर्शकानं कोरीट गावच्या दोघा पहिलवानांना पथारीवर उभं करून पाहिलं. लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवून त्यावर मूठभर मिरची टाकली, तेव्हा पहिलवान, दिग्दर्शक, मी आणि एक कुत्रा असे सगळे वाट दिसेल तिकडे पळालो. डोळे पुसून मागे पाहिलं तर पथारीचा राखणदार घमेल्याजवळ उभा होता. आम्ही पेटवून पळालो म्हणून तो पाहायला आला होता. आग मिरचीच्या ढिगाकडे जाऊ नये म्हणून त्यानं घमेलं पायानं थोडं सरकवलं, आणि धुरातूनच आमच्याकडे बघत शांतपणे विचारलं, “अजून टाकू का?”

दिग्दर्शक माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा उजळला होता.

राखणदार पंचेचाळिशीचा असेल. तोरणमाळच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यातला पावरा आदिवासी. मिरचीच्या हंगामात खाली यायचा, हंगाम संपला की परत वर जायचा. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळे मराठी बरं बोलायचा. अहिराणी मात्र त्याला बाजारापुरतीच येत होती. हातपाय लांब, अंगानं वाळका, आणि मान वळवायला इतका वेळ घ्यायचा की तो आता काय करणार याची काळजी वाटायची. नटाला जे शिकवून येत नाही ते त्याला मिरचीनं दिलं होतं. तो मला ‘सर’ म्हणायचा. सगळेच म्हणायचे, पण त्याच्या तोंडी तो शब्द अजून आश्रमशाळेतलाच होता. सरांनी सांगितलं म्हणजे ते तसंच होणार, असा त्याचा समज होता.

त्याचा स्वभाव पहिल्यांदा कळला तो कपड्यांवरून. दिग्दर्शकाला त्याच्या डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी हवी होती, होळीला डोंगरातले लोक घालतात तशी. ड्रोनमधून ती छान दिसेल असं त्याचं म्हणणं होतं. राखणदारानं नकार दिला. टोपी नवसाची असते, ती घालायची तर आधी दिवस पाळावे लागतात, जमिनीवर झोपावं लागतं. ती डोक्यावर ठेवून कुणाचा मार खाऊन पडायचं हे बरोबर नाही. हे सगळं त्यानं न चिडता सांगितलं. मग काय घालशील, असं विचारल्यावर त्यानं स्वतःची काळी घोंगडी आणली. दिग्दर्शकानं त्यावर वेल्डरचा चष्मा दिला. सिनेमा पाहिलेला माणूस ती घोंगडी विसरत नाही.

त्याच दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन एक गोष्ट मागितली. त्याची आई पाड्यावर होती. ती कधी थिएटरात गेली नव्हती, मुलाचं हे काम तिला समजत नव्हतं, आणि मराठी किंवा अहिराणी तिला येत नव्हती. सिनेमा लागला की तिला घेऊन यायचं त्यानं ठरवलं होतं. “तिला कळंल असं एक तरी बोलणं असू द्या, सर,” तो म्हणाला. “एकच.”

मी म्हटलं, तशी जागा आली की बघू.

जागा आली ती शेवटच्या प्रसंगात. खलनायक हरला आहे, कड्यावर एकटा उभा आहे, आणि पडण्याआधी बोलतो. त्या प्रसंगासाठी मी दोन पानांचं भाषण लिहिलं होतं. अंधार, सूर्य, माणसाचा अहंकार वगैरे सगळं त्यात होतं. ते लिहून झाल्यावर मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, खलनायक मराठी घेऊन एमए झालेला दिसतो. मी ते कौतुक समजलो.

चित्रीकरण तोरणमाळला सीताखाईच्या कडेला ठेवलं. जेसीबी रस्त्याच्या कामासाठी वर गेलेलाच होता. बकेटला पट्टा बांधून जिभाऊंना वर चढवलं होतं, म्हणजे खलनायक बोलत असताना मागे आकाशात नायक दिसेल. राखणदार माझं भाषण पाठ करून आला होता. दोन ओळींनंतर अडखळला. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळला. ‘अहंकार’ हा शब्द त्याला येत होता, पण त्याच्यापुढचं वाक्य येत नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभा राहून शब्द सांगत होतो, आणि माझ्या आवाजात वर्गातला जुना कंटाळा येऊ लागला होता, तो मलाच ऐकू येत होता. ऊन कड्यावरून उतरायला लागलं. वरून जिभाऊ विचारत होते की पट्टा कमरेला लागतोय, अजून किती वेळ.

शेवटी दिग्दर्शक म्हणाला, “भाऊ, तुला जे येतं ते बोल. ओठ हलले म्हणजे झालं. आवाज नंतर भरू.”

राखणदारानं चष्मा काढला. तो आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ खाईकडे बघत राहिला. मग वळला आणि पावरी भाषेत बोलायला लागला.

किती वेळ बोलला ते सांगता येत नाही. मला एक शब्दही कळला नाही. सुरुवातीला तो हळू बोलत होता, घरात चुलीपाशी बसून बोलावं तसं. मधे एकदा हसला. मग काहीतरी मोजल्यासारखी बोटं दुमडली, आणि शेवटी आवाज एकदम खाली नेऊन एकच ओळ दोनदा म्हटली. कॅमेऱ्यामागचा दिग्दर्शक तोंड उघडं ठेवून बघत होता. जेसीबीचा ऑपरेटरही पावराच होता. त्यानं इंजिन बंद केलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. इंजिन बंद झाल्यामुळे जिभाऊ वरच अडकले, पण तेही तिथूनच ऐकत राहिले.

प्रसंग संपल्यावर मी ऑपरेटरला विचारलं की तो काय म्हणाला. ऑपरेटर म्हणाला, “त्याच्या आईशी बोलत होता, सर.”

“म्हणजे काय म्हणाला?”

“लांबलचक आहे. खाली जाताना सांगतो.”

राखणदार चष्मा हातात घेऊन माझ्याकडे आला. “सर, हे असंच राहू द्या,” तो म्हणाला. “आई येईल.”

“राहील,” मी म्हणालो.

ऑपरेटर, राखणदार आणि बाकीची मंडळी पिकअपमधून घाट उतरली. मी लेखक होतो, म्हणून जिभाऊंच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो. गाडीत गारवा होता. सातपायरीची वळणं उतरताना जिभाऊंनी त्यांची कमर किती दुखते ते सांगितलं. ऑपरेटर ते लांबलचक मला सांगणार होता, हे मला शहाद्यात जेवताना आठवलं. तोवर पिकअप निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी विचारता आलं असतं, तिसऱ्या दिवशीही आलं असतं. मी विचारलं नाही.

आमच्या सिनेमात जागेवरचा आवाज कधीच ठेवत नाहीत. दिग्दर्शकाच्या फोटो स्टुडिओमागे एक खोली होती. तिच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, आणि त्यांत उभं राहून प्रत्येकानं आपापला आवाज पुन्हा द्यायचा, ही पद्धत. राखणदार तेव्हा खाली नव्हता. मिरची संपली होती, होळी जवळ आली होती, आणि त्याच्या पाड्यावर फोन लागायचा तर अर्धा डोंगर चढावं लागायचं. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की शेवटचा प्रसंग तसाच ठेवावा आणि खाली मराठी अक्षरं द्यावीत. ऑपरेटरकडून अर्थ लिहून घेऊ, म्हणाला. इतर प्रसंगांना कुणाचाही आवाज चालेल, पण हा तसाच पाहिजे.

जिभाऊंनी तो प्रसंग पडद्यावर पाहिला. मग म्हणाले, “मन्हा पिक्चर शे का त्याना?”

पिक्चर त्यांचा की राखणदाराचा, हा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या प्रसंगात नायक मागे आकाशात लाल पिशवीसारखा लटकत होता आणि कुणाची नजर त्याच्याकडे जात नव्हती. दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं. जिभाऊंनीही बघितलं. मी शिक्षक, शब्द माझाच शेवटचा धरला जाणार होता. “तसंच राहू द्या” एवढं म्हटलं असतं तर जिभाऊ थोडे कुरकुरले असते, पण ऐकलं असतं.

मला माझी दोन पानं आठवली.

मी म्हणालो की लोकांना कळणार नाही. नायकाची भाषा कळते आणि खलनायकाची कळत नाही, हे बरं दिसणार नाही, शिवाय वाऱ्याचाही आवाज आहे. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतक्या सहज वापरता आलं. वाऱ्याचा आवाज होता, पण फार नव्हता. मग ठरलं की खलनायकाचा आवाज मीच द्यावा, कारण भाषणाची चाल मलाच माहीत होती. मी गोधड्यांमध्ये उभा राहिलो. त्याचे ओठ बघत माझी दोन पानं त्यांत बसवली. जिथे तो हसला होता तिथे माझा सूर्य मावळला. जिथे त्यानं बोटं दुमडली होती तिथे अहंकार आला. शेवटी तो एकच ओळ दोनदा म्हणाला होता, तिथे मी “कोना आवाज बाकी शे” दोनदा म्हटलं. ते इतकं चपखल बसलं की दिग्दर्शकानंही मान हलवली. माझा आवाज चांगला आहे. स्नेहसंमेलनांत सूत्रसंचालन मीच करायचो.

संध्याकाळी दिग्दर्शक कॅमेऱ्यातलं आवरत होता. मला म्हणाला, “सर, मूळ आवाज ठेवू का उडाई टाकू? उद्या कळसाडी गावनं लगीन शे, मेमरी कार्ड रिकामं लागी.”

मी चप्पल घालत होतो. “उडव,” म्हटलं.

सिनेमा मोबाइलवर टाकण्याआधी गावातल्या सभागृहात त्याचा एक खेळ ठेवला. अशा कार्यक्रमांची मला जुनी चीड आहे. दीपप्रज्वलनाला काडीपेटी सापडत नाही. सत्काराचे नारळ सत्कारमूर्तींपेक्षा कमी पडतात, म्हणून पहिल्या रांगेतले नारळ मागच्या दारानं परत येतात. पाहुण्यांच्या परिचयात पाहुण्यांनाही माहीत नसलेल्या गोष्टी असतात. हे सगळं मी वर्षानुवर्षं मित्रांना रंगवून सांगत आलो आहे. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो, आणि माझ्या खांद्यावर शाल होती.

राखणदार आईला घेऊन आला. पाड्यावरची आठदहा माणसं जीपमधून आली होती. आई बारीक, पाठीत वाकलेली, पायांत चांदीची जाड कडी. तिला खुर्चीवर बसायची सवय नसावी, ती खुर्चीच्या कडेला बसली. मी उठून त्यांना तिसऱ्या रांगेत जागा करून दिली. राखणदारानं आईला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि तिनं हात जोडले. मीही जोडले. तेव्हा त्याला सांगता आलं असतं. दिवे बंद होईपर्यंत वेळ होता.

पडद्यावर घोंगडी दिसली तेव्हा पाड्याची माणसं खूश झाली. आई पुढे झुकली. मधल्या प्रसंगांत खलनायक अहिराणीत धमक्या देत होता, त्या तिला कळत नव्हत्या, पण ती धीरानं बघत होती. तिला सांगितलेलं असणार की शेवटी येईल. मी पडद्याकडे बघायचं सोडून मान थोडी मागे वळवून तिच्याकडे बघत होतो. मग कडा आला. चष्मा काढलेला तिच्या मुलाचा चेहरा साऱ्या पडद्यावर आला, त्याचे ओठ हलले, आणि सभागृहात माझा आवाज घुमला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहंकारावर तर शिट्ट्याही आल्या. आई काही वेळ बघत राहिली, मग मुलाकडे वळली आणि हळूच काहीतरी विचारलं. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. तो एक शब्द मला कळला. तो “सर” असा होता.

तिनं काय विचारलं ते मी नंतर ऑपरेटरला विचारलं. या वेळी लगेच विचारलं. तो म्हणाला, तिनं विचारलं की याच्या तोंडातून कोण बोलतंय.

खेळ संपल्यावर कलाकारांना मंचावर बोलावलं. जिभाऊंचा सत्कार झाला, मग राखणदाराला पुढे केलं. निवेदकानं माइक त्याच्या हातात दिला आणि ते वाक्य म्हणायला सांगितलं. सभागृहातली पोरं आधीच ओरडत होती. राखणदार माइक तोंडाजवळ धरून उभा राहिला. त्यानं नेहमीसारखी सावकाश मान वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि ओठ हलवले. आवाज काढला नाही. नुसते ओठ, अगदी बरोबर त्या वाक्याचे.

लोकांना तो विनोद वाटला. हसू पसरलं. निवेदक हुशार होता, त्यानं दुसरा माइक माझ्या हातात दिला. राखणदार थांबला होता. मी म्हटलं नसतं तर तो तसाच उभा राहिला असता. मी खुर्चीतून उठून म्हणालो, “बोला आते. कोना आवाज बाकी शे?” सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

त्यानं मला टोमणा मारला, की खरोखर मदत मागितली, हे मला आजही माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सत्काराची शाल घेऊन तो खाली उतरला, ती आईच्या खांद्यावर घातली, आणि सगळे जीपकडे गेले. पुढच्या हंगामात पथारीवर दुसराच राखणदार दिसला.

सिनेमा पहिल्या भागापेक्षा पुष्कळ जास्त चालला. लोक नायकाबद्दल काही बोलत नव्हते, सगळे खलनायकाबद्दलच बोलत होते. बाजारात एका माणसानं माझा आवाज ओळखून मला चहा पाजला. मी एकदा घरी दार लावून तो शेवटचा प्रसंग आवाज बंद करून बघितला. वाटलं होतं की ओठांवरून काहीतरी हाती लागेल. या जिल्ह्यात मी आयुष्यभर भाषा शिकवली. डोंगरातून आठवीला येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं की वर्गात मराठीतच बोलायचं, घरचं घरी. त्यांच्यातल्या कुणालाही मी कधी विचारलं नाही की आई या शब्दाला तुमच्याकडे काय म्हणतात. आता तो शब्द त्या ओठांवर कुठेतरी होता, बहुधा पुष्कळदा होता, आणि मला तो सापडत नव्हता. मी तो प्रसंग चार वेळा बघितला.

मग मिरचीचा तो हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये, मी वर गेलो. ऑपरेटरला बरोबर घेतलं आणि एक रेकॉर्डर घेतला. मनात होतं की माफी मागायची, त्याच्याकडून ते पुन्हा बोलून घ्यायचं आणि सिनेमात बसवायचं. दिग्दर्शक तयार होता. जिभाऊंनाही आता काही हरकत नव्हती, तिसऱ्या भागासाठी त्यांना हाच खलनायक हवा होता.

पाड्यावर सगळीकडे आमचूर करायचं काम चाललं होतं. अंगणात, छपरांवर, खाटांवर कैरीच्या फोडी वाळत पडल्या होत्या. राखणदार आणि त्याची आई ओट्यावर बसून कैऱ्या सोलत होते. त्यानं उठून पाणी दिलं, खाट झटकून दिली. मी जे म्हणायला आलो होतो ते म्हटलं. कार्डाबद्दलही सांगितलं, ते माझ्या शब्दानं पुसलं गेलं हेही सांगितलं. तो ऐकत होता आणि कैरी सोलत होता. मग मी रेकॉर्डर काढला आणि म्हणालो की ते परत एकदा बोलला तर बरं होईल.

“कशाला, सर?” तो म्हणाला.

“तुमच्या आईला ऐकायचं होतं ना.”

“तिनं ऐकलं.” त्यानं फोड परातीत टाकली. “त्या दिवशी परत येताना जीपमध्ये सगळं म्हणून दाखवलं तिला. घाट चढेपर्यंत.”

मी विचारलं की मग सिनेमासाठी म्हणून तरी बोलाल का, लोक ऐकतील. तो जरा विचार करून म्हणाला की लोकांसाठी नव्हतंच ते, तिच्यासाठी होतं, आणि तिचं झालं. सिनेमात आहे ते बरं आहे, पोरांना आवडतं. यात कडवटपणा नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. तिसऱ्या भागाचं मी विचारलंच नाही. ऑपरेटर खाली मान घालून बसला होता. त्याला ते सगळं अजून आठवतही असेल. वर येताना मी त्याला तेही विचारायचं ठरवलं होतं. आता तिथे, त्या माणसाच्या ओट्यावर, ते विचारणं म्हणजे पुन्हा एकदा कार्डाला हात लावण्यासारखं वाटलं.

एवढा वेळ आईनं वर बघितलं नव्हतं. तिची नजर कमी झाली होती, हातच काम करत होते. मी निघताना तिला उद्देशून, मोठ्यानं, नकळत सिनेमातल्याच आवाजात, येतो असं म्हणालो. तिचा सुरीचा हात थांबला. तिनं मान माझ्याकडे वळवली, अगदी तिच्या मुलासारखी सावकाश, आणि त्याला काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

राखणदारानं हातातली कैरी परातीत ठेवली.

“आई म्हणते, हाच तो.”